मादी काही लपवत नाही

अंड्यातून पिल्लू निघालं की त्याच सकाळी बदामीकाका ते तळहातावर घेत आणि सांगत, "मुलगी आहे." किंवा, "मुलगा." त्या पिल्लाचे डोळे अजून उघडलेले नसत, मान धरवत नसे. इतर कबुतरवाल्यांना ते मोठं होऊन घुमायला लागेपर्यंत जे कळत नाही, ते काका हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगून मोकळे होत. त्यांचं सांगणं चुकलेलं मी तरी पाहिलं नाही.

आर्या, नील, यात जादू काही नव्हती. फिक्या रंगाचा नर आणि गडद रंगाची मादी अशी जोडी लावली की मुली बापासारख्या फिक्या होतात आणि मुलगे आईसारखे गडद. फिकं होणारं पिल्लू जन्मतः जवळजवळ उघडं असतं. गडद होणाऱ्याच्या अंगावर लांब पिवळी लव असते. काका जोडी विचारपूर्वक लावत आणि मग फक्त लव बघत. पण आमच्या गल्लीत ही गोष्ट पसरली ती निराळ्याच रूपात. एका दुपारी मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. मागच्या बिल्डिंगमधल्या एक सासूबाई धापा टाकत वर आल्या.

"भाऊ, आमच्या सूनबाईंना दिवस गेलेत. तुम्हांला म्हणे आधी कळतं."

"कळतं की," काका म्हणाले. "तिला अंडं घालू द्या, मग सांगतो."

बाई क्षणभर विचारात पडल्या आणि मग संतापून खाली गेल्या. मी हसत सुटले. काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे तर उलटी तऱ्हा आहे. जोडी चुकली की मरतात ते मुलगेच. हे जर या बायांना कळलं, तर त्या गच्चीखालून जायच्याही बंद होतील."

तुमच्या बाबाला बदामीकाका नीट आठवत असतील. डोंबिवली पूर्वेची आमची सोसायटी चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, काका चौथ्यावर आणि त्यांच्या डोक्यावर गच्चीत त्यांचा कबुतरखाना. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी फळ्या आणि जाळी ठोकून उभा केला होता. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते केमिस्ट होते. तिथे कापडाला लागणारे रंग तयार होत. गिऱ्हाइकानं चिंधी पाठवायची आणि काकांनी तिच्याशी तंतोतंत जुळणारा रंग काढून द्यायचा. त्यांच्या नखांच्या कडा कधी जांभळ्या, कधी हिरव्या असत. काकू म्हणायच्या, "यांना वाढताना मी हाताकडे बघतच नाही. जेवण जात नाही." माणूस शिकलेला, इंग्रजी मासिकं मागवून वाचणारा, बोलका, थोडासा हेकट. ज्या कबुतरांवरून त्यांचं नाव पडलं ती बदामी कबुतरं मात्र खरोखर बघण्यासारखी होती. बदामाच्या सालीचा रंग आणि त्यावर कुणी पेन झटकल्यासारखे काळे शिंतोडे. नराच्या अंगावरचे शिंतोडे दर वर्षी जुनी पिसं झडून नवी आली की वाढतात. मादीच्या अंगावर ते मोजकेच राहतात.

काकांना शिकवायची फार हौस होती. दूधवाला, विमा एजंट, सोसायटीचे चेअरमन, जो सापडेल त्याला ते एकच धडा देत. स्वतःच्या शर्टाच्या दोन्ही खिशांवर हात ठेवून म्हणत, "समजा, रंग खिशात असतो. नराला दोन खिसे, मादीला एकच. बाप प्रत्येक पोराला आपल्या एका खिशातलं देतो. आई आपल्या एकुलत्या खिशातलं देते ते फक्त मुलग्यांना. मुलीला आईच्या खिशातलं काही मिळत नाही. म्हणून मुलगी बापावर." एवढं झालं की डावा खिसा थोपटत. "आता गंमत बघा. नराच्या एका खिशातलं अंगावर दिसतं, पण दुसऱ्या खिशात काय दडवलंय ते बाहेरून कळत नाही. ते पुढे मुलींत निघतं. मादीला एकच खिसा, तेव्हा जे आहे ते पिसांवर. लपवतो तो नर. मादी काही लपवत नाही."

"नर लपवतो हे मला लग्न झाल्या आठवड्यातच कळलं," काकू आतून म्हणायच्या. "सिगारेटी कुठे ठेवता ते सांगू का वहिनींना?"

मादीचं ते वाक्य काकांच्या तोंडात इतकं बसलं होतं की काकूंनी साखर संपल्याचं सांगितलं, मेघनानं गणितात नापास झाल्याचं सांगितलं, तरी काका म्हणत, "बघा! मादी काही लपवत नाही." मेघना म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. उंच, दणकट, जिना दोन दोन पायऱ्या एकदम चढणारी. शाळेत ती कबड्डीच्या संघात होती. तुमचा बाबा तिला घाबरायचा.

अंड्यांची तपासणी बाथरूममध्ये चाले, कारण घरात काळोख करता येईल अशी तेवढीच जागा होती. काका भर दुपारी अंडं घेऊन आत जायचे, दिवा बंद, दार बंद. टॉर्चच्या तोंडावर अंडं धरायचे. एकदा मलाही त्यांनी दाखवलं. कवच आतून शेंदरी उजळलं होतं. मधोमध एक लाल ठिपका होता आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा निघाल्या होत्या. ठिपका हलत होता. दुसऱ्या अंड्यात शिरा नव्हत्या, नुसतं एक लाल रिंगण होतं. "हे गेलं," काका म्हणाले. आवाज एरवीपेक्षा खाली होता. "जगायला निघालं होतं, वाटेत थांबलं. रिंगण दिसलं की आपण काही करू शकत नाही, वहिनी." मग दोन्ही अंडी त्यांनी परत घरट्यात ठेवली. मेलेलं का ठेवलंत, असं मी विचारलं. म्हणाले, "एकच दिसलं तर आई उठून जाईल. जिवंत असलेल्याला तरी ऊब मिळू दे."

त्यांच्याकडे एकच नियम असा होता की जो मोडलेला त्यांना खपत नसे. बदामी नर आणि बदामी मादी यांची जोडी लावायची नाही. बदामीला जोडीदार साधा हवा. कारण बदामी रंग एका खिशात असला तर शोभा. नराच्या दोन्ही खिशांत आला तर बहुतेक पिल्लू अंड्यातच मरतं. निघालंच तर डोळे फुगलेले, आंधळं, आणि थोड्या दिवसांचंच. मुलींना दुसरा खिसाच नाही, म्हणून त्या वाचतात.

मेघनाचं लग्न ठरलं त्याच वर्षी कोलशेतचा पांडू गच्चीवर आला. हा खाडीवरचा कोळी, काकांकडून हौसेनं दोन बदामी घेऊन गेला होता. टॉवेलात काहीतरी गुंडाळून आणलं होतं.

"काका, मना वाटला, बदामीला बदामी लावला तं समदी पोरां बदामीच व्हतील."

"आणि झालं काय?"

"एक अंडी फुटलीच नाय. दुसऱ्यातून ह्या निघाला. याचे डोले बघा वो."

टॉवेलात एक पांढुरकं पिल्लू होतं. डोळ्यांच्या जागी दोन फुगे.

काका असे चिडलेले मी प्रथमच पाहत होते. "अरे, तुला बजावून सांगितलं होतं ना! दोन्ही खिशांत बदामी आलं की मुलगा संपला!"

"पन पोरीला काय नाय व्हत?"

"तिला दुसरा खिसाच नाही, काय होणार?"

"मंग पोरीचा बरा हाय," पांडू म्हणाला, आणि टॉवेल जमिनीवर ठेवून डोकं खाजवत उभा राहिला.

असल्या पिल्लाची मान पिरगळून टाकतात, पांडू त्यासाठीच ते घेऊन आला होता. काकांनी टाकलं नाही. भिजवलेले हरभरे एकेक करून त्याच्या चोचीत घातले. आणि कुणाला वाटलं नव्हतं, पण ते पिल्लू जगलं. मान डोलवत एका जागी बसायचं, म्हणून काकूंनी त्याचं नाव बुवा ठेवलं. गच्चीत बाकीची टोचायची, म्हणून बुवाची टोपली चौथ्या मजल्यावरच्या घरातच खिडकीशी असे.

मेघनासाठी कल्याणचं स्थळ आलं. मुलगा निनाद, शांत आणि सालस, बँकेत होता. मुलाचं घर बघायला जाताना काकांनी काकू आणि मेघनाबरोबर मला आणि तुमच्या आजोबांनाही सोबत घेतलं. पोहे आले, ओळखी झाल्या आणि मग काकांनी सुरुवात केली. मुलाकडे त्यांनी धड पाहिलंसुद्धा नाही.

"मुलाला बहिणी किती?"

"एक. ती काय, आत आहे."

"बोलवा ना. आणि आत्या?"

"दोन आत्या आहेत. का हो?"

"तब्येती कशा आहेत त्यांच्या? दृष्टी? चालणं-फिरणं?"

निनादच्या आईचा चेहरा ताठरला. "अहो, लग्न मुलाचं करायचंय ना? की आत्यांचं?"

"मुलाकडे बघून काय कळणार!" काका अगदी निरागसपणे म्हणाले. "मुलगे लपवतात. त्यांच्या आत्या-बहिणींत निघतं."

मी साडीच्या पदरात तोंड लपवलं. तुमचे आजोबा खिडकीबाहेर बघू लागले. निनादच्या आजोबा-पणजोबांपर्यंत चौकशी झाली, बहीण बाहेर येऊन सर्वांना नमस्कार करून गेली. शेवटी निनादची आई म्हणाली, "आमचं सगळं सांगून झालं. आता तुमच्याकडचं काय?"

काकांनी मेघनाकडे हात केला. "मुलगी समोर बसली आहे. आहे ते दिसतंय."

काकू तेव्हा पोह्यांतला एक शेंगदाणा बोटानं बशीच्या कडेला सारत होत्या. मला वाटलं, नवऱ्याच्या बोलण्यानं संकोचल्या असतील.

लग्न कल्याणलाच झालं. मुहूर्त जवळ आला तेव्हा गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांना बोलवा! मुलीचे मामा कुठे आहेत?" मेघनाला मामा नव्हते. म्हणजे होते, दोन होते, पण राजापूरकडच्या त्यांच्या खेड्यात दोघंही मिसरूड फुटायच्या वयात गेले होते. आधी पाय गेले, मग हात, मग ते अंथरुणाला खिळले. गावानं पोलिओ म्हटलं आणि तेच घरात चालत आलं. काकांनी धाकट्याला स्वतःच्या लग्नात पाहिलंही होतं, पाटावर बसवून ठेवलेला. मेघनाला मांडवात आणायला काकूंच्या नात्यातले कुणी एक दूरचे गृहस्थ मामा म्हणून पुढे झाले. काकूंनी डोळे पुसले. लग्नात मुलीच्या आईनं डोळे पुसायचेच असतात, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. काका तर अंतरपाटाशी उभे राहून, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या निनादच्या आत्यांकडे समाधानानं बघत होते. दोघी ठणठणीत होत्या.

मी आजवर कितीतरी लग्नांत मुलीच्या मामांना बोलवा ही हाक ऐकली आहे. आता ती ऐकवत नाही. जे काकांनी विचारायला हवं होतं, ते त्या दिवशी गुरुजींनी भर मांडवात माइकवरून विचारलं होतं.

ईशान झाला तेव्हा काकांनी सोसायटीभर पेढे वाटले. मुलगा गोरा, हसरा. चालायला जरा उशिरा लागला, पण मुलगे उशिरा लागतातच, असं सगळे म्हणाले. त्याच्या पोटऱ्या चांगल्या भरलेल्या होत्या. "पैलवान होणार बरं का," मीच म्हटलं होतं. तो जिन्यात पडायचा. काकू म्हणायच्या, बूट मोठे आहेत. मेघनानं बूट बदलले. तो तरीही पडायचा.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर होतो. ईशान तेव्हा चार वर्षांचा असेल. काका कबुतरांना ज्वारी टाकत होते आणि ईशान त्यांच्यामागे दुडदुडत होता. एक कबुतर फडफडलं, तो दचकून खाली बसला. मग उठू लागला. आधी दोन्ही हात जमिनीवर टेकले, ढुंगण वर केलं. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा हात दुसऱ्या गुडघ्यावर, मग हात मांडीवर, आणि असा स्वतःच्याच अंगाची शिडी करून तो उभा राहिला आणि हसला. मेघना म्हणाली, "बघा, किती हुशारीनं उठतो!"

काकू म्हणाल्या, "माझा बाळू असाच उठायचा."

बाळू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

काकांच्या हातात ज्वारीचा डबा होता. तो त्यांनी अगदी सावकाश कठड्यावर ठेवला. मग ईशानजवळ जाऊन उकिडवे बसले आणि त्याची पोटरी चाचपून पाहिली, एखादं कबुतर विकत घेताना चाचपावं तशी. "पुन्हा खाली बस बरं, राजा," ते म्हणाले. ईशान बसला. "आता ऊठ." तो तसाच उठला. काका म्हणाले, "शाबास." आणि खाली निघून गेले. ज्वारी तशीच राहिली.

पुढे डॉक्टर, तपासण्या, मुंबईच्या फेऱ्या, सगळं झालं. स्नायू हळूहळू विरत जाण्याचा आजार. तो मुलग्यांना होतो. तो आईकडून येतो आणि आईला स्वतःला काहीच होत नसतं. त्यावर इलाज नाही, लांबवणं आहे. मेघनाची तपासणी झाली, तिच्यात तो दोष निघाला. काकूंची करायची गरजच उरली नाही. त्यांची आई, त्या आणि मेघना, तिघी धडधाकट.

अहवाल आल्यावर काका आमच्याकडे खाली आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून बोलले.

"वहिनी, मी उलटं धरलं."

"काय उलटं?"

"माणसांत उलटं असतं. पुरुषाला एक खिसा, बाईला दोन. लपतं ते बाईत आणि निघतं मुलग्यांत." त्यांनी नेहमीसारखा शर्टाच्या खिशावर हात नेला आणि मधेच खाली घेतला. "मला माहीत नव्हतं असं नाही हो. पुस्तकात पहिल्याच पानावर असतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण डोकं कबुतराचं झालं होतं. मुलगी धट्टीकट्टी दिसते, म्हणजे तिच्यात काही नाही. आणि मी त्या पोराच्या आत्या बघत बसलो. दोन मेहुणे गेलेले, एक तर माझ्या डोळ्यांसमोर..."

तुमचे आजोबा म्हणाले, "अहो, माहीत असतं तरी काय केलं असतंत?"

"तिला सांगितलं असतं," काका म्हणाले. "लग्नाआधी, दिवस जायच्या आधी. तपासण्या निघाल्या होत्या. तिला निवडता आलं असतं."



निनाद चांगला निघाला. एका शब्दानं बायकोला बोलला नाही. पण त्याच्या आईनं एकदाच, सगळ्यांसमोर विचारलं, "आमच्या चार पिढ्या चाळल्या होत्यात ना? आपल्या घरात बघायला सवड झाली नाही?" काकांनी मान खाली घातली. त्या बाईंना मी दोष देत नाही, त्यांचा तो एकुलता एक नातू.

मेघना मात्र बोलली ती बापाशी. काकूंना बरं नव्हतं म्हणून ती डोंबिवलीला आली होती आणि मी त्यांच्यासाठी आटवल-भाताची भांडी घेऊन वर गेले होते. दार उघडंच होतं. ती काकांसमोर उभी होती, उंच, दणकट, अजूनही कबड्डीच्या संघात शोभेल अशी.

"मादी काही लपवत नाही म्हणायचात ना, बाबा? मी लपवलं. तीस वर्षं लपवलं. मलाच न कळता लपवलं."

"मेघा, तुझा काय दोष—"

"माझा नाहीच. म्हणूनच तुम्हांला विचारते. त्या आंधळ्या कबुतराची अख्खी वंशावळ तुम्हांला तोंडपाठ होती. माझी का नव्हती?"

मी भांडी उंबऱ्यात ठेवून परत खाली आले.

त्यानंतर काकांनी कबुतरं काढायची ठरवलं. पांडू टेम्पो घेऊन आला. काकांनी एकेक पक्षी स्वतः धरून करंडीत भरला. पांडू म्हणाला, "काका, तुमी नाय बगू शकत तं मी सांबालीन. मन झाला तं परत न्या." काका म्हणाले, "नको, नेच." टेम्पो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये किती अडकला कोण जाणे, पण पंखांना कोलशेत लांब नाही. पांडूनं काही दिवस कोंडून ठेवून मग ती सोडली आणि सगळी सरळ आमच्या गच्चीवर आली. कबुतरखान्याला कुलूप होतं. ती पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसून राहिली. पांडू पुन्हा येऊन घेऊन गेला, पुन्हा आली. तिसऱ्या वेळी त्यानं फोन केला, "काका, त्यांना तुमीच पायजे. दार उगडा ना!" काकांनी दार उघडलं नाही. काकू दुपारी, काका आडवे झाले की, पदरात ज्वारी घेऊन वर जायच्या. काका झोपलेले नसायचे, हे त्यांनाही माहीत होतं. हळूहळू ती बदामी कबुतरं इकडे तिकडे झाली, बिल्डिंगांच्या खोबणीत राहणाऱ्या राखाडी कबुतरांत मिसळली. उडता येत नव्हतं म्हणून बुवा तेवढा घरात राहिला.

पुढच्या वर्षांत काकांची फुप्फुसं निकामी होत गेली. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं कबुतरांची धूळ आत गेली आहे, आतून सगळं कडक झालंय. काका नाकात नळी लावून खुर्चीत बसायचे. मी भेटायला गेले की म्हणायचे, "माझं ठीक आहे, वहिनी. माझं मी स्वतः ओढवून घेतलं." कुणाला काही शिकवणं त्यांनी सोडलंच होतं. एक नवीन दूधवाला एकदा बुवाकडे बघून म्हणाला, "याला काय झालंय?" पूर्वी असता तर त्या माणसाचा अर्धा तास गेला असता. काका म्हणाले, "दूध ठेवा तिथे."

ते जाण्याआधी थोडे दिवस मेघना आणि निनाद ईशानला घेऊन आले. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि त्याला चाकांची खुर्ची लागली होती. निनादनं त्याला पाठुंगळी घेऊन चार मजले वर आणलं, खाली जाऊन खुर्ची आणली. मी मदतीला होतेच. मेघनानं बापाच्या पाया पडून औषधांची चौकशी केली. त्यांचं बोलणं सुरू झालं होतं, पण ते औषधांपलीकडे जात नसे.

ईशाननं बुवाला मांडीवर मागितलं. काकूंनी टोपलीतून काढून दिलं. बुवा आता म्हातारा झाला होता. बराच वेळ तो मुलगा त्याच्या मानेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, बुवाला दिसत का नाही?"

खोलीत आम्ही पाच मोठी माणसं होतो. मला वाटलं, आता तरी काका शर्टाच्या खिशावर हात ठेवतील. या प्रश्नाची तर त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली होती.

काका म्हणाले, "माहीत नाही रे, राजा."

"मला माहीत आहे," ईशान म्हणाला. "आईनं सांगितलंय. त्याच्या दोन्ही खिशांत तेच आलं." मग त्यानं आपल्या टी-शर्टकडे पाहिलं, त्याला खिसा नव्हता, तरी छातीवर जिथे तो असतो तिथे बोट ठेवलं. "आणि मला एकच खिसा आहे, आणि त्यात ते आलं. हो ना, आजोबा?"

मेघना स्वयंपाकघरात गेली. काकांनी हात लांबवून ईशानची पोटरी धरली आणि तो निघेपर्यंत धरून ठेवली.

दिवाळीच्या आधी काका गेले. त्यांच्यामागून बुवाही गेला. काकू आता कल्याणला मेघनाकडे असतात. ईशान पंधरा वर्षांचा आहे. त्याची बोटं चालतात, हात उचलत नाहीत. तो मला फोनवर चित्रं पाठवतो. मी त्याला छान आहे म्हणते आणि पुढे काय लिहावं ते मला सुचत नाही.

आर्या, मागच्या रविवारी तू विचारलंस, सगळ्या बिल्डिंगनं कबुतरांसाठी जाळ्या लावल्या, मग तुझ्यासारख्या टापटिपीच्या आजीनं का नाही? लावणार होते. जाळीवाला मोजमाप घ्यायला आलाही. पण एसीच्या बाहेरच्या डब्यामागे एक जोडी बसली आहे. कित्येक वर्षांनी प्रथमच मला इथे बदामी दिसली, बहुधा एकाच घरट्यातली भावंडं. एकाच्या अंगावर शिंतोडे दाट आहेत, एकीच्या मोजके. दोघंही बदामी. काका असते तर त्यांनी हात घालून एकाला उचलून जोडी मोडली असती. मला ते जमत नाही. खाली दोन अंडी आहेत. टॉर्च स्वयंपाकघरातल्या खणात आहे. मी तो काढलेला नाही.

जाळीवाल्याला मी म्हटलं, पिल्लं उडून जाईपर्यंत थांब.

"किती निघतील, आजी?" त्यानं सहज विचारलं.

"माहीत नाही रे," मी म्हणाले.